आकडा वाढला, टक्का घटला : आलेख काढण्याआधी 'कशाच्या मानाने?' हे विचारू या

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही वांद्रे पूर्वेच्या एका विहारात एक फलक लावला होता. आम्ही म्हणजे दर रविवारी संध्याकाळी विहारात बसणारा सात-आठ जणांचा अभ्यासगट. कोणी समाजकार्यात, कोणी नोकरीत, कोणी अजून कॉलेजात. फलकावर महाराष्ट्रातील बौद्धांच्या लोकसंख्येचा आलेख होता. १९६१ साली २७ लाख ८९ हजार, २०११ साली ६५ लाख ३१ हजार. रेघ खालून वर चढत गेलेली, आणि वर मोठ्या अक्षरांत आम्ही लिहिले होते, 'आपण वाढतो आहोत'.

पांढऱ्या साडीतल्या एक आजी फलकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरांनो, सगळेच वाढले की. बाकीच्यांच्या मानानं आपण वाढलो का, ते सांगा." आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर दुसरा एक आलेख फिरत आला. त्यात रेघ वरून खाली येत होती. ७.०५ टक्क्यांवरून ५.८१ टक्के. उभा अक्ष शून्याऐवजी साडेपाचपासून सुरू केलेला, त्यामुळे रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी दिसत होती. मथळा होता, 'बौद्ध संपत चालले'.

दोन्ही आलेखांतले आकडे एकाच जनगणनेचे आणि दोन्ही खरे. तरी एक आलेख फुकटचा अभिमान देतो आणि दुसरा फुकटची भीती. हा गोंधळ सोडवायला आम्ही पुढचे तीन रविवार लॅपटॉप घेऊन बसलो. जे शिकलो ते इथे मांडत आहोत, कारण येत्या जनगणनेच्या काळात असे शेकडो आलेख आपल्या कार्यकर्त्यांच्या हातातून जाणार आहेत.

एकटा आकडा काही बोलत नाही

शाळेत अपूर्णांक शिकताना आपण अंश आणि छेद शिकलो. वरचा आकडा अंश, खालचा छेद. आपल्या फलकांवर बहुतेक वेळा नुसता अंश असतो. 'इतके पदवीधर', 'इतके अत्याचार', 'इतके बौद्ध'. छेद कोणी विचारत नाही.

वेगवेगळ्या आकाराच्या गोष्टी तुलनेसाठी एकाच पट्टीवर आणणे, याला स्प्रेडशीटच्या भाषेत डेटा 'नॉर्मलाइझ' करणे म्हणतात. शब्द अवघड वाटतो, पण काम भागाकाराचे आहे. मूळ आकड्याला कशाने तरी भागायचे. कशाने भागायचे, हाच खरा प्रश्न आहे आणि तो एक्सेल किंवा गूगल शीट्स आपल्यासाठी ठरवत नाही. तो आपणच ठरवायचा असतो.

हा विचार आपल्याला परका नाही. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांचा एक मुख्य मुद्दा असा होता की शेत किती एकराचे आहे एवढ्यावरून ते लहान की मोठे हे ठरत नाही. त्यावर लागणारे श्रम आणि भांडवल यांच्याशी त्या जमिनीचे प्रमाण काय, यावरून ठरते. म्हणजे एकर हा अंश झाला, पण छेद कुठे आहे, हेच ते विचारत होते.

आधी तक्ता नीट मांडा

महाराष्ट्राचे जनगणनेतील आकडे असे आहेत. पहिला आकडा राज्याच्या एकूण लोकसंख्येचा, दुसरा बौद्धांचा.

१९६१ : ३,९५,५३,७१८ – २७,८९,५०१
१९७१ : ५,०४,१२,२३५ – ३२,६४,२२३
१९८१ : ६,२७,८४,१७१ – ३९,४६,१४९
१९९१ : ७,८९,३७,१८७ – ५०,४०,७८५
२००१ : ९,६८,७८,६२७ – ५८,३८,७१०
२०११ : ११,२३,७४,३३३ – ६५,३१,२००

स्प्रेडशीट उघडा. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे लिहा. ए रकान्यात वर्ष, बी रकान्यात राज्याची लोकसंख्या, सी रकान्यात बौद्ध लोकसंख्या. दुसऱ्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत सहा जनगणना येतील. खाली आम्ही सूत्रे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरे आणि अंक इंग्रजी कीबोर्डवरचेच वापरा.

सुरुवातीला आम्ही तीन चुका केल्या, त्या सांगून ठेवतो. पहिली, आकडे पीडीएफमधून उचलून चिकटवले. ते चौकटीत डाव्या बाजूला चिकटून बसले. आकडा साधारणपणे उजवीकडे बसतो. डावीकडे बसला तर स्प्रेडशीट त्याला मजकूर समजते आहे असे धरा. स्वल्पविराम न देता आकडे पुन्हा हाताने टाइप करा. दुसरी, आलेख काढताना वर्षाचा रकाना हीसुद्धा एक रेघ म्हणून उमटली. वर्ष आडव्या अक्षावर जायला हवे, ते आलेखाच्या सेटिंगमध्ये तपासा. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, मूळ आकड्यांवरच आकडेमोड केली आणि मूळ आकडे हरवले. आता आम्ही 'मूळ आकडे' नावाची वेगळी शीट ठेवतो, तिला हात लावत नाही, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला हे लिहितो.

आता राज्य आणि बौद्ध या दोन्ही रेघा एका आलेखात काढून पाहा. राज्याची रेघ अकरा कोटींपर्यंत जाते, त्यामुळे बौद्धांची रेघ तळाला चिकटून जवळपास सपाट दिसते. इथे अनेक जण उजव्या बाजूला दुसरा उभा अक्ष जोडतात. तो मोह टाळा. दोन अक्षांच्या आलेखात कुठली रेघ वर आणि कुठली खाली, हे आकडे ठरवत नाहीत. अक्ष कुठून कुठपर्यंत घेतला यावर ते ठरते. म्हणजे हवे ते दाखवता येते.

पहिली पद्धत : एकूणातला वाटा

डी२ या चौकटीत लिहा : =सी२/बी२*१००. मग ते सूत्र खाली डी७ पर्यंत ओढा. उत्तर येईल : ७.०५, ६.४८, ६.२९, ६.३९, ६.०३, ५.८१.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. आपण वाढलो, पण बाकीच्यांच्या मानाने कमी वेगाने वाढलो. पन्नास वर्षांत राज्यातील वाटा सुमारे सव्वा टक्क्याने खाली आला.

हा आलेख काढताना उभा अक्ष शून्यापासून आठपर्यंत घ्या. रेघ हळूहळू उतरताना दिसेल, कोसळताना नाही. फरक बारीक असल्यामुळे अक्ष मधूनच सुरू करायचा असेल, तर तसे आलेखाखाली स्पष्ट लिहा. स्तंभांचा आलेख मात्र कधीही मधून सुरू करू नका, कारण तिथे माणूस स्तंभाची पूर्ण उंची मोजतो.

या रेघेत एक जागा थांबून पाहण्यासारखी आहे. १९८१ ते १९९१ या एकाच दशकात वाटा ६.२९ वरून ६.३९ असा वर गेला. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास बाबासाहेबांची जन्मशताब्दी साजरी झाली, आणि लगेच १९९१ ची जनगणना झाली. या गोष्टींचा संबंध असू शकतो. पण आलेख 'असू शकतो' एवढेच सांगतो. कारण सिद्ध करण्यासाठी माणसांशी बोलावे लागते. समाजशास्त्राच्या वर्गात हे आम्ही शिकलो होतो, पण फलक रंगवताना विसरलो होतो.

दुसरी पद्धत : आधार वर्ष १०० धरणे

वाट्याच्या आलेखातून दोघांचा वेग वेगवेगळा दिसत नाही. त्यासाठी दोन्ही रेघांचा आरंभ एकाच बिंदूवर आणायचा. १९६१ चा आकडा १०० धरायचा आणि पुढचे सगळे त्या मानाने मोजायचे. याला निर्देशांक म्हणतात.

ई२ मध्ये लिहा : =बी२/बी$२*१००. एफ२ मध्ये : =सी२/सी$२*१००. दोन्ही सूत्रे खाली ओढा. डॉलरच्या चिन्हाकडे लक्ष द्या. सूत्र खाली ओढले की बी२ चे बी३, बी४ होत जाते, पण डॉलर लावलेली ओळ जागची हलत नाही. भागायचे नेहमी १९६१ च्याच आकड्याने आहे, म्हणून ती बांधून ठेवावी लागते. डॉलर विसरला तर सगळीकडे १०० येईल.

राज्याचा निर्देशांक असा येतो : १००, १२७, १५९, २००, २४५, २८४. बौद्धांचा : १००, ११७, १४१, १८१, २०९, २३४. आता दोन्ही रेघा एकाच बिंदूतून निघतात आणि त्यांच्यातले अंतर डोळ्यांना दिसते. बौद्धांचा वाटा १९६१ इतकाच राहिला असता, तर २०११ मध्ये संख्या सुमारे ७९ लाख २५ हजार असती. प्रत्यक्षात ती जवळपास १४ लाखांनी कमी आहे.

आधार वर्ष निवडण्यातही सापळा असतो. आमच्यातला एक जण म्हणाला, १९५१ पासून सुरुवात करू, म्हणजे दीक्षेआधीचे आणि नंतरचे दिसेल. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्धांची नोंद होती फक्त २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या पहिल्या जनगणनेत ती २७ लाख ८९ हजार झाली, म्हणजे १,१२१ पट. हा इतिहास मोठा आहे आणि तो सांगायलाच हवा. पण १९५१ ला १०० धरले, तर २०११ चा निर्देशांक दोन लाख बासष्ट हजारांच्या पुढे जातो. त्या आलेखात एक उभी उडी सोडून काहीच दिसत नाही आणि नंतरच्या पन्नास वर्षांचा प्रश्न झाकला जातो. धर्मांतराची कथा सांगायची तर १९५१ घ्या. धर्मांतरानंतर आपले काय झाले हे विचारायचे तर १९६१ घ्या. कोणते वर्ष घेतले आणि का घेतले, ते आलेखाखाली लिहा.

तिसरी पद्धत : शून्य ते एक

इंटरनेटवर 'नॉर्मलाइझ कसे करावे' असे शोधले की बहुतेक ठिकाणी ही पद्धत पुढे येते. सर्वात लहान आकडा शून्य, सर्वात मोठा एक, बाकीचे मधे. जी२ मध्ये लिहा : =(सी२-मिन(सी$२:सी$७))/(मॅक्स(सी$२:सी$७)-मिन(सी$२:सी$७)). बी रकान्यासाठीही असेच सूत्र शेजारी एच रकान्यात लिहा.

आम्ही हे केले आणि चक्रावलो. १९९१ मध्ये बौद्धांचा आकडा आला ०.६०, राज्याचा ०.५४. २००१ मध्ये बौद्ध ०.८१, राज्य ०.७९. २०११ मध्ये दोघेही १. म्हणजे या आलेखात आपण राज्याच्या पुढे, आणि शेवटी बरोबरीत! ज्या माहितीत वाटा घटलेला आहे, त्याच माहितीतून हे चित्र निघाले.

इथे गणित चुकलेले नाही. प्रश्नाला न शोभणारी पद्धत आम्ही वापरली, एवढेच. या पद्धतीत प्रत्येक रेघ स्वतःच्याच किमान आणि कमालमध्ये ताणली जाते. १०० वरून २३४ ला गेलेली रेघ आणि १०० वरून २८४ ला गेलेली रेघ, दोघींना एकच उंची मिळते. वाढ कोणत्या दशकात झाली हे कळते, पण किती झाली हे पुसले जाते.

मग ही पद्धत कधी वापरायची? ज्या गोष्टींची एकके मुळातच वेगळी आहेत त्या एकत्र आणायच्या असतील तेव्हा. समजा, पाच वस्त्यांची पाहणी केली. एका रकान्यात दर शौचालयामागे किती माणसे, दुसऱ्यात अभ्यासिकेत किती जागा, तिसऱ्यात दिवसाला किती तास पाणी. माणसे, जागा आणि तास यांची बेरीज होत नाही. शून्य ते एकवर आणले की तुलना करता येते. फक्त दिशा सांभाळा : पाण्याचे तास जास्त म्हणजे चांगले, पण शौचालयामागे माणसे जास्त म्हणजे वाईट. त्या रकान्याचे उत्तर एकातून वजा करावे लागते. आणि किमान-कमाल आधीच ठरवून ठेवणे चांगले. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात आयुर्मानासाठी २० आणि ८५ वर्षे अशा ठरलेल्या सीमा वापरतात. त्यामुळे एखादा देश पुढे सरकला म्हणून बाकीच्यांचे मोजमाप बदलत नाही.

छेद बदलला की अर्थ बदलतो

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के. त्याच जनगणनेतून दुसरा आकडाही निघतो, ७१.८३ टक्के. वादविवादात दोन्ही वापरले जातात आणि लोक एकमेकांना खोटे ठरवतात. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात छेद आहे सात वर्षे आणि त्यावरील व्यक्ती, दुसऱ्यात छेद आहे पाळण्यातल्या बाळासह सगळे. आपल्या समाजाचा एक आकडा आणि दुसऱ्या समाजाचा दुसऱ्या प्रकारचा आकडा शेजारी ठेवला, तर ती तुलना अप्रामाणिक होते.

गंमत म्हणजे या दोन टक्केवाऱ्यांचा भागाकार केला की लहान मुलांचे प्रमाण निघते. देशातील बौद्धांमध्ये सहा वर्षांपर्यंतची मुले सुमारे ११.६ टक्के, तर देशाच्या एकूण लोकसंख्येत सुमारे १३.६ टक्के. देशातील ८४ लाख ४३ हजार बौद्धांपैकी ७७ टक्के महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे हे चित्र मुख्यतः आपलेच आहे. म्हणजे वाटा घटण्यामागे लहान कुटुंब हे एक कारण असू शकते, आणि मुली शिकल्या की कुटुंब लहान होते, ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. इतर राज्यांतून महाराष्ट्रात येणाऱ्यांमुळे छेद वाढतो, हे दुसरे. आणि विहारात येणारी पण प्रगणकासमोर 'हिंदू' सांगणारी किंवा त्याने लिहिलेले न तपासणारी घरे, हे तिसरे. यापैकी कशाचा किती भाग, हे या एका आलेखातून कळत नाही. 'बौद्ध संपत चालले' असे लिहिणाऱ्याने ही तिन्ही कारणे एकाच रेघेत कोंबली होती.

दुसरे उदाहरण अत्याचारांचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे देशभरात नोंदले गेले. उत्तर प्रदेशात १५,३६८, राजस्थानात ८,७५२. नुसते आकडे पाहिले तर उत्तर प्रदेश पुढे. दर एक लाख अनुसूचित जातींच्या लोकसंख्येमागे पाहिले तर उत्तर प्रदेश ३७.२ आणि राजस्थान ७१.६, जवळपास दुप्पट. मात्र इथेही दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. अंश २०२२ चा असला तरी छेद २०११ च्या जनगणनेचा आहे, कारण नवी जनगणना झालेली नव्हती. आणि अंशात फक्त नोंदलेले गुन्हे येतात. ज्या गावात ठाण्याच्या पायरीवरूनच माणूस परत पाठवला जातो, तिथला दर कमी दिसेल. भागाकार केल्याने न लिहिलेली फिर्याद लिहिली जात नाही.

हद्द बदलली की रेघ तुटते

आपल्याच भागाचा आलेख काढायचा असेल तर आणखी एक अडचण येते. वांद्र्यात जिल्हाधिकारी कार्यालय असलेला मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. त्याआधीची आकडेवारी बृहन्मुंबई म्हणून एकत्र आहे. १९८१ चा बृहन्मुंबईचा आकडा आणि १९९१ चा उपनगराचा आकडा एका रेघेने जोडला, तर जिल्हा रातोरात आकसल्यासारखा दिसेल. अकोल्याचेही तसेच, १९९८ साली त्यातून वाशिम वेगळा झाला. अशा वेळी जुन्या हद्दीत बसणारे नवे जिल्हे एकत्र करूनच रेघ काढावी.

शिवाय छेद त्याच जिल्ह्याचा घ्यायचा. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, उपनगराची सुमारे ८.३ टक्क्यांनी, आणि मुंबई शहर जिल्ह्याची तर ७.६ टक्क्यांनी घटली. शहरातील एखाद्या चाळीत बौद्ध घरे कमी झाली, म्हणून 'धम्म सोडला' असे म्हणणारे भेटतात. अख्खा जिल्हाच रिकामा होत होता, हे ते पाहत नाहीत. माणसे उपनगरात आणि त्याही पुढे कल्याण-बदलापूरकडे सरकली.

संख्या आणि वाटा यांतला फरक जिल्ह्यांतही दिसतो. २०११ मध्ये नागपूर जिल्ह्यात सुमारे ६ लाख ६८ हजार बौद्ध होते, अकोल्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण नागपुरात ते सुमारे १४ टक्के, अकोल्यात सुमारे १८ टक्के. मेळाव्याला किती खुर्च्या लागतील हे संख्या सांगते. निवडणुकीत आपले मत किती वजनदार आहे हे वाटा सांगतो. काम कोणते आहे त्यावरून आकडा निवडायचा.

येत्या जनगणनेआधी

आता मूळ मुद्द्यावर येतो. केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी जनगणनेची अधिसूचना काढली. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे आणि या वेळी सर्व जातींची नोंद होणार आहे. आकडे आले की प्रत्येक जण आपापल्या सोयीचा आलेख काढणार.

त्यासाठी एक आकडा आत्ताच समजून घ्या. २०११ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या १ कोटी ३२ लाख ७५ हजार ८९८ होती. त्यांपैकी ५२ लाख ४ हजार २८४ जणांनी धर्म बौद्ध नोंदवला. या एकाच अंशाला वेगवेगळे छेद देऊन पाहा. अनुसूचित जातींपैकी बौद्ध ३९ टक्के. बौद्धांपैकी अनुसूचित जातींत नोंदलेले ८० टक्के. राज्याच्या लोकसंख्येपैकी ४.६ टक्के. 'ऐंशी टक्के' असे फलकावर लिहिले आणि कशापैकी ते लिहिले नाही, तर वाचणारा काय समजेल?

आणि उरलेले वीस टक्के? ६५ लाख ३१ हजार बौद्धांपैकी सुमारे १३ लाख २७ हजार लोक अनुसूचित जातींत मोजले गेले नाहीत. (वर निर्देशांकात आलेले १४ लाख हे वेगळे, दोन्हींची सांगड घालू नका.) यांत काही अनुसूचित जमातींचे असतील, काही मूळचेच अनुसूचित जातींबाहेरचे असतील. पण आमचा वस्तीतला अनुभव असा की अनेक घरांत 'बौद्ध झालो, आता जात कशाला सांगायची' असे म्हणून तो रकाना सोडला जातो. उलट काही घरांत 'बौद्ध लिहिले तर सवलत जाईल' या भीतीने धर्मच बदलून सांगितला जातो. २०११ च्या अर्जात धर्म आणि अनुसूचित जाती हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि १९९० पासून बौद्ध धर्म लिहिल्याने अनुसूचित जातींचा दर्जा जात नाही. हे दारोदार जाऊन सांगावे लागेल. कोणी काय लिहायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, पण चुकीच्या माहितीवर ठरवू नये. अनुसूचित जातींच्या राखीव जागा आणि योजनांचा निधी मोजलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतो. तिथे आपण अंशात असतो, आणि अंश तिथेच, प्रगणकाच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात, तयार होतो. नंतर कितीही चांगले सूत्र लिहिले तरी न मोजलेला माणूस स्प्रेडशीटमध्ये येत नाही.

आमच्या गटाने आता एक नियम केला आहे. कोणताही आलेख विहाराबाहेर जाण्याआधी त्याच्याखाली चार ओळी लिहायच्या : आकडे कुठून घेतले, कशाने भागले, आधार वर्ष कोणते, आणि या आलेखातून काय कळत नाही. चौथी ओळ लिहिताना सर्वात जास्त वेळ लागतो. पण ती लिहिली की विरोधकालाही आपला आलेख खोडता येत नाही.

'आपण वाढतो आहोत' हा फलक आम्ही काढला. त्या जागी आता दोन आलेख शेजारी शेजारी आहेत. एकात संख्या, दुसऱ्यात वाटा. वर मथळा नाही, प्रश्न आहे : 'बाकीच्यांच्या मानाने आपण कुठे आहोत?' आजी पुन्हा आल्या होत्या. दोन्ही आलेख पाहून त्यांनी विचारले, "मग माझ्या सुनेनं मागच्या वेळी काय लिवलं होतं, ते कोण बघितलंय?"

पुढच्या रविवारपासून आम्ही घरोघरी जाऊन हेच विचारायला सुरुवात करणार आहोत. तुमच्या वस्तीत तुम्हीही करा.

जय भीम.